मोहाचे मडके आणि अबकारी कायदा : नागपूर परिसरातील घरगुती मद्यनिर्मितीचा इतिहास (१८६१ ते २०२१)

सारांश

नागपूर ही १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी होती. सातपुड्याच्या पायथ्यापासून वैनगंगेच्या खोऱ्यापर्यंतच्या गोंड व इतर समाजांत मोहफुलांपासून घरच्या घरी, थोड्या प्रमाणात मद्य तयार करण्याची रीत होती. या रीतीचे नियमन, मक्तेदारी आणि शेवटी पूर्ण बंदी अशा तीन अवस्था नागपुरात लागू झालेल्या कायद्यांनी घडविल्या. प्रस्तुत शोधनिबंधात या घरगुती निर्मितीचे तंत्र, तिच्यावरील अबकारी धोरणाचा परिणाम आणि स्वातंत्र्योत्तर काळातील तिचे स्थान यांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर एकाच परंपरेचे दोन राज्यांत दोन भिन्न कायदेशीर अर्थ झाले, हा या निबंधाचा मुख्य मुद्दा आहे.

बीजशब्द : मोहफूल, घरगुती मद्यनिर्मिती, अबकारी, कलार, मध्य प्रांत, दारूबंदी, पेसा.

प्रस्तावना

मद्याच्या इतिहासाचा अभ्यास सामान्यतः दोन अंगांनी झालेला दिसतो. पहिले अंग महसुलाचे आणि दुसरे दारूबंदीच्या चळवळीचे. या दोन्ही अभ्यासांत दारू ही दुकानात विकली जाणारी वस्तू म्हणून समोर येते. ती घरात, चुलीवर, मोजक्या माणसांसाठी तयार होत होती, ही बाब दुर्लक्षित राहते. परिणामी घरगुती निर्मिती करणारी व्यक्ती इतिहासात केवळ ‘आरोपी’ म्हणून प्रवेश करते. तिच्याकडे असलेले ज्ञान, तिने पाळलेल्या मर्यादा आणि तिच्या घरातील स्त्रियांनी सोसलेले परिणाम यांची एकत्र नोंद क्वचितच होते.

युरोप-अमेरिकेत घरी थोडी बीअर तयार करणे हा आज सर्वमान्य छंद आहे. इंग्लंडमध्ये १९६३ साली घरगुती बीअरसाठीचा परवाना रद्द झाला. अमेरिकेत १९७८ साली मंजूर झालेल्या कायद्याने एका प्रौढ व्यक्तीस वर्षाला १०० गॅलन आणि दोन वा अधिक प्रौढ असलेल्या कुटुंबास २०० गॅलनपर्यंत बीअर स्वतःच्या वापरासाठी करमुक्त तयार करण्याची मुभा दिली. मात्र घरी दारू गाळण्यास तेथे परवानगी मिळाली नाही. आंबविणे आणि गाळणे या दोन क्रियांमध्ये कायद्याने ओढलेली ही रेषा नागपूर परिसराच्या इतिहासाकडे पाहताना उपयोगी पडते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. नागपूर परिसरातील घरगुती मद्यनिर्मितीच्या तंत्राचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. ब्रिटिशकालीन अबकारी धोरणाने या निर्मितीत घडविलेल्या बदलांचा शोध घेणे.
३. १९५६ नंतरच्या कायदेशीर स्थितीचा तौलनिक आढावा घेणे.
४. घरगुती निर्मितीचा हक्क आणि दारूविरोधी स्त्री-चळवळ यांतील ताणाचे विवेचन करणे.

मोह आणि घरगुती निर्मितीचे तंत्र

मोहाचे झाड साधारणपणे मार्च-एप्रिलमध्ये फुलते. मांसल, फिकट पिवळसर फुले रात्री व पहाटे गळून पडतात. झाडाखालची जमीन आधी झाडून, पालापाचोळा जाळून स्वच्छ केली जाते आणि सकाळी बायका-मुले फुले वेचतात. ती उन्हात वाळविली की तांबूस-तपकिरी होतात आणि कोरडी ठेवल्यास महिनोन्महिने टिकतात. वाळलेल्या फुलांच्या वजनाचा निम्म्याच्या आसपासचा भाग शर्करेचा असतो. त्यामुळेच ही फुले मद्याआधी अन्न म्हणून महत्त्वाची ठरतात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत मध्य प्रांतातील अनेक कुटुंबांना मोहफुलांनी तारले. मोहाच्या बियांचे तेल स्वयंपाकात व दिव्यासाठी वापरले जाई.

या प्रदेशात धान्याच्या बीअरऐवजी मोहाचे मद्य का रुजले, याचे उत्तर वनस्पती आणि हवामान या दोहोंत सापडते. धान्यात शर्करा तयार नसते; पिठूळ पदार्थाचे शर्करेत रूपांतर करावे लागते. त्यासाठी बीअर करणारे जवास मोड आणून ते वाळवितात, तर छोटानागपूरकडील हांडिया करणारे शिजविलेल्या तांदळात वनौषधीयुक्त किण्वाच्या गोळ्या मिसळतात. बस्तरमध्ये तांदळापासून होणाऱ्या आंबवलेल्या पेयास लांदा म्हणतात. मोहफुलात मात्र शर्करा आयतीच असते. फुले पाण्यात भिजविली की हवेतील व फुलांवरील किण्वपेशी आपले काम सुरू करतात. शिवाय त्यासाठी खाण्याचे धान्य खर्ची पडत नाही. अल्पभूधारक वा भूमिहीन कुटुंबाच्या दृष्टीने ही बाब निर्णायक होती.

दुसरे कारण उष्णतेचे. बीअरचे किण्वन मंद आणि थंड हवेत चांगले होते. इंग्लिश पद्धतीच्या एलला साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअस आणि लागरला त्याहूनही कमी तापमान लागते. नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा हवेत आंबवण जलद होते, पण तितक्याच लवकर ते आंबट होऊन बिघडते. गाळलेले मद्य मात्र टिकते. म्हणूनच या प्रदेशात आंबविणे ही केवळ पहिली पायरी राहिली आणि गाळणे ही दुसरी, आवश्यक पायरी ठरली. १८२१ मध्ये वसलेल्या कामठी छावणीतील गोऱ्या सैनिकांची बीअर बाहेरून येत असे. आसपासच्या खेड्यांत मात्र मोहाचेच मद्य होते.

तंत्र साधे दिसत असले तरी त्यात अनुभवाचा भाग मोठा आहे. वाळलेली फुले निवडून, धुऊन मातीच्या मडक्यात पाण्यात भिजत घातली जातात. या मिश्रणास विदर्भात ‘सडवा’ म्हणतात. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत, हिवाळ्यात आठवड्याभरात वा त्याहून उशिरा सडवा तयार होतो. बुडबुडे येण्याचे थांबणे, फुले तळाशी बसणे आणि गोड वासाची जागा उग्र वासाने घेणे या खुणा पाहिल्या जातात. सडवा लवकर उतरविला तर शर्करा वाया जाते. उशीर झाला तर त्याचा शिरका होतो.

नंतर मडके चुलीवर ठेवून त्यावर दुसरे भांडे बसवितात. सांधे माती वा पिठाने लिंपतात. वाफ पोकळ बांबूच्या नळीतून पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात नेऊन थंड केली जाते. मद्यार्क सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळतो आणि पाणी १०० अंशांना. या अंतरावरच सारी क्रिया आधारलेली आहे. आच मोठी झाली तर पाण्याची वाफ जास्त येऊन मद्य पातळ होते, सडवा करपतो आणि जळकट वास लागतो. आच मंद ठेवणे व भोवतीचे पाणी वारंवार बदलणे हे कौशल्याचे काम. आधी उतरणारे मद्य सर्वांत तीव्र असते. मराठीत रूढ असलेला ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग या अनुभवातूनच आला आहे.

या तंत्राने निर्मितीच्या प्रमाणावर आपोआपच मर्यादा घातली होती. मडके लहान, नळी अरुंद, फुले घरच्यांनी वेचलेली. गोंड समाजात जन्म, विवाह, मृत्यू आणि पेन अर्थात देवतांच्या पूजनप्रसंगी मोहाचे मद्य अर्पण केले जाते. पिण्यापूर्वी काही थेंब जमिनीवर शिंपडण्याची रीत आहे. म्हणजे निर्मितीला हंगामाची, भांड्याची आणि प्रसंगाची अशी तिहेरी चौकट होती. या चौकटीत अतिरेक होत नसे असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तथापि रोज, बारमाही, नफ्यासाठी पुरवठा करण्याची यंत्रणा मात्र तिच्यात नव्हती.

अबकारी धोरण : घरातून गुत्त्याकडे

मद्यावरील कर ब्रिटिशांनी नव्याने आणला नाही. त्यांच्यापूर्वीही मद्य गाळून विकणाऱ्या कलारांकडून कर घेतला जाई. परंतु १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले, राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. त्यानंतर या कराचे स्वरूप बदलले.

प्रारंभी दोन पद्धती प्रचलित होत्या. पहिलीत मक्तेदार आपल्या हद्दीत स्वतःची भट्टी लावी आणि ठराविक रक्कम सरकारात भरी. किती दारू गाळावी यावर बंधन नसल्याने जितकी खपेल तितका त्याचा फायदा होई. दुसरी पद्धत सदर भट्टीची. एका आवारात, सरकारी देखरेखीखाली गाळप होई आणि मद्याच्या तीव्रतेनुसार गॅलनमागे कर घेतला जाई. तीव्रता मोजण्यासाठी हायड्रोमीटर आला. ‘प्रूफ’ हे माप आले. प्रूफ मद्यात घनफळाने सुमारे ५७ टक्के मद्यार्क असतो. आज देशी दारूच्या बाटलीवर छापले जाणारे ‘२५ अंश यू.पी.’, म्हणजे सुमारे ४२.८ टक्के, हे माप त्याच व्यवस्थेचा वारसा होय. छोटी बीअर करणाऱ्या हौशी माणसाच्या हाती आज जे उपकरण शर्करा मोजण्यासाठी असते, त्याच जातीचे उपकरण येथे प्रथम कर मोजण्यासाठी आले, हा फरक लक्षणीय आहे.

पद्धत कोणतीही असो, तिची पूर्वअट एकच होती. मक्तेदाराला आपली रक्कम वसूल करायची तर हद्दीतील घरोघरीचे गाळप थांबणे आवश्यक होते. १८८१ आणि १८९६ च्या अबकारी कायद्यांनी व पुढे १९१५ च्या मध्य प्रांत अबकारी कायद्याने परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा गुन्हा ठरविला. शेजारच्या मुंबई इलाख्यात तर १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांच्या व्यवहारावरच निर्बंध आले. झाडाखाली पडलेले फूलच संशयास्पद ठरण्याची ही सुरुवात होती.

१९०५ मध्ये भारत सरकारने कमीत कमी सेवनातून जास्तीत जास्त महसूल हे आपले अबकारी सूत्र स्पष्ट केले. १९०५-०६ च्या अबकारी समितीनंतर मोठ्या भट्ट्यांतून कंत्राटी पुरवठ्याच्या पद्धतीस चालना मिळाली. परिणामी उत्पादन आणि उपभोग यांची फारकत झाली. मोहफूल गावचे, पण मद्य दूरच्या भट्टीचे. पैसा गावचा, पण नफा कंत्राटदाराचा आणि कर सरकारचा. ज्या कुटुंबाला मद्यासाठी पूर्वी रोख पैसा लागत नव्हता, त्याला आता तो लागू लागला. उधारीमुळे गुत्तेदार हाच अनेक ठिकाणी सावकारही ठरला.

कलार समाजाचे स्थानही या प्रक्रियेत बदलले. रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात (१९१६) कलारांवर स्वतंत्र प्रकरण आहे. मक्त्यांच्या लिलावात ज्यांच्याकडे भांडवल होते ते टिकले; खेड्यातील लहान गाळपी हळूहळू बाहेर पडले. यांपैकी अनेकांनी पुढे शेती, व्यापार व शिक्षणाची वाट धरली.

आदिवासींच्या प्रश्नाची चौकशी करणारे डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांचा मध्य प्रांत व वऱ्हाडातील आदिवासींच्या समस्यांवरील ग्रंथ १९४४ मध्ये नागपूरहूनच प्रसिद्ध झाला. व्हेरिअर एल्विन यांनीही ‘द बैगा’ (१९३९) या ग्रंथात आदिवासी जीवनातील मोहाच्या मद्याचे स्थान नोंदविले. या नोंदींमुळे महसूल खात्याच्या भाषेत केवळ ‘बेकायदा गाळप’ असलेली बाब संस्कृतीचा भाग म्हणून प्रथमच अभ्यासाच्या कक्षेत आली.

राष्ट्रीय चळवळ आणि बंदीचा विचार

डिसेंबर १९२० मध्ये नागपूर येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने असहकाराच्या कार्यक्रमावर शिक्कामोर्तब केले. १९२१ मध्ये नागपुरात दारूच्या दुकानांवरील निरोधनाची चळवळ जोरात चालली. तिचा रोख परकीय सरकारच्या महसुलावर जसा होता, तसा व्यसनमुक्तीवरही होता. १९३७ मध्ये प्रांतिक स्वायत्तता आल्यावर काँग्रेस मंत्रिमंडळाने १९३८ चा मध्य प्रांत व वऱ्हाड दारूबंदी कायदा संमत केला आणि प्रांताच्या काही भागांत बंदी लागू झाली. पुढे राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात मादक पेयांच्या बंदीचा निर्देश समाविष्ट झाला.

या विचारामागील नैतिक प्रेरणा निर्विवाद होती. तथापि त्यात दुकानची दारू आणि घरचे मोह यांत भेद करण्यास जागा नव्हती. ब्रिटिश सरकारने घरगुती निर्मिती महसुलासाठी थांबविली होती; राष्ट्रीय सरकारने ती सुधारणेसाठी थांबविली. हेतू परस्परविरोधी होते, परंतु मडके मात्र दोन्ही वेळा तेच फुटले.

१९५६ : एक परंपरा, दोन कायदे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. नागपूरसह विदर्भातील जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा, शिवनी, बालाघाट हे जिल्हे मध्य प्रदेशात राहिले. रामटेक तालुक्यातील देवलापार भागातील गोंड आणि सीमेपलीकडील शिवनी-छिंदवाड्यातील गोंड यांच्यात सोयरीक होती, बोली होती, देव होते. कायदा मात्र वेगळा झाला.

मध्य प्रदेशात १९१५ चाच अबकारी कायदा पुढे चालू राहिला आणि त्यात अनुसूचित जमातींना घरगुती व सामाजिक प्रसंगांच्या वापरासाठी मर्यादित प्रमाणात मद्य तयार करण्याची सवलत देण्यात आली. याउलट विदर्भास १९५९ मध्ये १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा लागू करण्यात आला. आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्याच्या १२ व्या कलमानुसार परवान्याविना कोणत्याही मद्याची निर्मिती निषिद्ध आहे आणि ६५ व्या कलमानुसार ती दंडनीय आहे. आंबविणे व गाळणे, घरासाठी व विक्रीसाठी, पाच लिटर व पाचशे लिटर असा भेद करून घरगुती निर्मात्यास मोकळीक देण्याची भूमिका यात नाही. नागपुरातील एखाद्या हौशी व्यक्तीने घरी बादलीभर बीअर केली, तरी ती याच कलमाच्या कक्षेत येते.

पुढील काळात हा विरोधाभास अधिक ठळक झाला. महाराष्ट्रात परवाना घेऊन थोड्या प्रमाणात ताजी बीअर तयार करणारी उपाहारगृहे निघाली. २००९ पासून पुण्यात अशी निर्मिती सुरू झाली. म्हणजे ‘थोड्या प्रमाणातील निर्मिती’ ही कल्पना राज्याने स्वीकारली, पण भांडवल आणि परवाना असलेल्यांसाठी. गोव्यात काजूच्या फेणीस २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक आणि २०१६ मध्ये वारसा पेयाचा दर्जा मिळाला. मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये मोहाच्या मद्यास ‘हेरिटेज’ मद्य म्हणून पुढे आणणारे धोरण स्वीकारले. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये मोहफुलांच्या संकलन, साठवणूक व वाहतुकीवरील निर्बंध दूर करण्याचा निर्णय घेतला. फूल मोकळे झाले, मडके नाही.

हक्क आणि हानी : दारूविरोधी चळवळीचे भान

घरगुती निर्मितीचा इतिहास केवळ हक्कहननाचा म्हणून मांडल्यास तो अपुरा राहील. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. गडचिरोली जिल्ह्यात दारूमुक्तीच्या व्यापक लोकचळवळीनंतर १९९३ मध्ये ती लागू झाली. चंद्रपूरमध्ये १ एप्रिल २०१५ रोजी लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. या चळवळींचा कणा खेड्यांतील स्त्रिया होत्या. मजुरी गुत्त्यात जाणे, मारहाण, अकाली वैधव्य हे त्यांचे प्रत्यक्ष अनुभव होते. परंपरेच्या गौरवात त्यांचा आवाज दबता कामा नये. फुले वेचणारी, सडवा घालणारी आणि मद्यपी नवऱ्याचा मार खाणारी स्त्री अनेकदा एकच असते.

येथे तंत्राचा इतिहास पुन्हा उपयोगी पडतो. आज पोलीस कारवाईत नष्ट केला जाणारा सडवा अनेकदा पारंपरिक मोहाचा नसतो. त्यात काळा गूळ आणि नवसागर असतो, पिंपांतून गाळप होते आणि माल विक्रीसाठीच असतो. हातभट्टीच्या धंद्यातील सर्वांत मोठा धोका मिथाईल अल्कोहोलच्या भेसळीचा आहे. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. ही दारू चुलीवरच्या मडक्यातून आलेली नव्हती. ती बेकायदा व्यापाराच्या साखळीतून आली होती. घरचे मद्य निरुपद्रवी असते असा निष्कर्ष यातून निघत नाही. मद्यार्काचे दुष्परिणाम निर्मितीच्या जागेने बदलत नाहीत. तथापि दोन भिन्न व्यवहारांना एकच नाव दिल्याने दोहोंवरही नेमका उपाय होत नाही, एवढे निश्चित.

१९९६ च्या पेसा कायद्याने या कोंडीतून एक वाट दाखविली आहे. त्याच्या ४(ड) अर्थात ‘एम’ उपकलमात मादक पदार्थांच्या विक्री व सेवनावर बंदी घालण्याचा, नियमन करण्याचा वा निर्बंध आणण्याचा अधिकार अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभा व पंचायतींना देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्राने याचे नियम २०१४ मध्ये केले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील मालकी मान्य केली आणि २००९ मध्ये गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावास सामूहिक वनहक्क मिळाला. मोहफुलाची मालकी आणि मद्यावरील निर्णय हे दोन्ही अधिकार प्रथमच एका संस्थेजवळ, म्हणजे ग्रामसभेजवळ, आले. मात्र ग्रामसभेत स्त्रियांची उपस्थिती आणि मत निर्णायक असल्याखेरीज या तरतुदीस अर्थ प्राप्त होणार नाही.

निष्कर्ष

१. नागपूर परिसरातील घरगुती मद्यनिर्मिती ही मोहाची उपलब्धता, उष्ण हवामान आणि धान्य वाचविण्याची गरज यांतून विकसित झालेली, प्रमाणाने मर्यादित अशी तंत्रपरंपरा होती.
२. ब्रिटिशकालीन अबकारी धोरणाने मद्यपान थांबविले नाही. त्याने निर्मिती घरातून काढून मक्तेदाराकडे सोपविली आणि मद्य ही बारमाही, रोखीने घ्यावयाची वस्तू बनविली.
३. स्वातंत्र्योत्तर दारूबंदीच्या कायद्याने हेतू बदलला, परंतु घरगुती निर्मात्याचे ‘गुन्हेगार’ हे स्थान कायम ठेवले.
४. १९५६ च्या सीमारेषेमुळे एकाच समाजाची एकच रीत मध्य प्रदेशात सवलतीस आणि पुढे ‘वारसा’ म्हणून गौरवास पात्र ठरली, तर विदर्भात ती दंडनीय राहिली. यामागे मद्याच्या गुणदोषांहून प्रशासकीय इतिहासाचा वाटा मोठा आहे.
५. यापुढील धोरण ठरविताना घरगुती निर्मिती व बेकायदा व्यापार यांत भेद करणे, तसेच निर्णयाचा अधिकार स्त्रियांच्या प्रभावी सहभागासह ग्रामसभेकडे असणे आवश्यक आहे.

देवलापारहून जबलपूरकडे जाणारा रस्ता आजही मोहाच्या झाडांतून जातो. चैत्रात दोन्ही राज्यांत फुले एकाच वेळी गळतात आणि एकाच रीतीने वेचली जातात. त्यानंतर मडक्यात पाणी ओतले की वारसा कोणता आणि गुन्हा कोणता, हे ठरविणारी रेषा अवघी सत्तर वर्षांची आहे. ती पुन्हा तपासून पाहण्यास इतिहासाचा आधार निश्चितच पुरेसा आहे.